काम बाहेर द्या, पण माणसांची नावं विचारून

"हे काम बाहेर दिलं तर किती वाचतील?" पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत हा प्रश्न निघतो तेव्हा पडद्यावर एक तक्ता असतो आणि त्यात ताशी दर मांडलेले असतात. पुण्याचा दर, व्हिएतनामचा दर, फिलिपिन्सचा दर. अशा बैठकांना मी बसते आणि प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून शिफारस मला करावी लागते. एके काळी असं काम फक्त बाहेरून आपल्याकडे यायचं. टीसीएसने 1974 मध्ये बरोज या अमेरिकी कंपनीचं काम घेतलं आणि ही वाट पडली. 1981 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसचा पहिला ग्राहकही अमेरिकेतलाच होता. आता पुण्यातल्या मध्यम आकाराच्या कंपन्याही आपल्याकडे आलेल्या कामाचे तुकडे पुढे दुसऱ्या देशात देतात.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या तक्त्यात दराचा रकाना शेवटी यावा. त्याआधी लिहिलं जावं की काम प्रत्यक्ष कोण करणार, त्यांची नावं आपल्याला कळणार का, आणि मधल्या ठेकेदाराने हात वर केले तर त्यांच्या पगाराला आपण बांधील राहणार का. हे रकाने रिकामे असतील तर काम बाहेर देऊ नये, मग दर कितीही कमी असो.

हे मत माझं बीड जिल्ह्यात बनलं, धारूर तालुक्यात. बालाघाटाच्या डोंगरकडेला आमची चार एकर माळरानाची जमीन. पाऊस झाला तर बाजरी, तूर, थोडा कापूस. नाही झाला तर काही नाही. घराला आधार होता तो कोयत्याचा. माय आणि दादा दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, कधी सांगलीकडे, कधी सोलापूरकडे. मीही शाळेच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्याबरोबर गेले, नंतर आजीने मला गावात ठेवून घेतलं.

साखर कारखान्यांनी ऊसतोडणी ज्या पद्धतीने बाहेर दिली, तो काम बाहेर देण्याचा महाराष्ट्राचा मोठा आणि जुना अनुभव आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, 1950 च्या सुमारास त्याचं धुराडं पेटलं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. गाळप वाढत गेलं तशी तोडायला माणसं हवी झाली. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातली माणसं घराबाहेर काढली होतीच. पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी, परळी, गेवराई इथल्या घरांना कुलपं लागू लागली. कारखान्यांना तोडणारे मिळाले, पण त्यांना कोणीही आपलं म्हणून नोंदवून घेतलं नाही.

ही साखळी कशी चालते ते सांगते, कारण पुण्यातल्या माझ्या अनेक सहकाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो तो वाहनमालकाशी, म्हणजे ट्रॅक्टर किंवा ट्रकवाल्याशी. बऱ्याच ठिकाणी मध्ये तोडणी-वाहतुकीची वेगळी संस्थाच असते. वाहनमालक मुकादमाला पैसे देतो. मुकादम गावात येऊन कोयत्यांना उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. दहा-पंधरा कोयत्यांची एक टोळी होते. कारखान्याची सही वाहनमालकासमोर, वाहनमालकाची मुकादमासमोर, आणि मुकादम कोयत्याचा अंगठा घेतो तो एखाद्या स्टॅम्प पेपरवर, ज्याची प्रत कोयत्याकडे क्वचितच राहते. शेवटी ह्या सगळ्याचा खर्च कारखान्याच्या खिशातून जातो असंही नाही. शेतकऱ्याच्या एफआरपीमधून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, तोडणी-वाहतूक वजा होते. शिवाय कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतकऱ्याला विचारा, तोड लवकर यावी म्हणून टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री वेगळी द्यावी लागते. म्हणजे ऊसवाला पैसे देतो, तोडणारा घाम गाळतो, आणि दोघांची एकमेकांशी कागदावर ओळखच नाही.

कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती कधी हातात घेऊन वाचा. त्यावर शेतकऱ्याचं नाव असतं, गाव असतं, उसाची जात असते, वाहनाचा नंबर, वाहनमालकाचं नाव, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. पहाटे चारला उठून, थंडीत ओल्या पाचटात उभं राहून ज्या बाईने तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून फळीवर चढून गाडीत रचल्या, तिचं नाव त्या पावतीवर नसतं. तिचा हिशोब मुकादमाच्या वहीत. त्या वहीत तारीख, गाडी, टन, किराणा, दवाखाना, आणि खाडा. आजारपणामुळे कोयता फडात गेला नाही की त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंडही लागतो. त्याला खाडा म्हणतात.

माझ्या मायला लिहिता येत नव्हतं. तिने आमच्या झोपडीच्या, म्हणजे कोपीच्या, मेढीला कोयत्याच्या टोकाने खाचा पाडायला सुरुवात केली. गाडी भरली की एक खाच, खाडा झाला की आडवी रेघ. हंगाम संपताना तिच्या खाचा आणि मुकादमाची वही यांचा मेळ बसायचा नाही. पण कोपी मोडून निघताना मेढ तिथंच पडायची, गावाकडे येणाऱ्या ट्रकमध्ये तिला जागा कुठली. मुकादमाच्या ओसरीवर हिशोब व्हायचा तेव्हा पुढ्यात फक्त वही असायची. दादा मान खाली घालून ऐकायचे आणि अंगावर किती बाकी फिरली तेवढं विचारायचे.

आजचा हिशोब मांडू. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि ऊसतोड संघटना यांच्यात शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने करार झाला, 2023-24 पासूनच्या तीन हंगामांसाठी. त्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मिळाली. त्याआधी ऑक्टोबर 2020 मध्ये 14 टक्के मिळाली होती. नवा दर टनाला साधारण 366 रुपये. चांगला जोर असलेली जोडी दिवसाला दोन टन तोडते, म्हणजे दोघांचे मिळून 732 रुपये, बारा-चौदा तासांचे. एक लाखाची उचल फेडायला या गतीने सव्वाशेच्या वर दिवस लागतात, तेही एक खाडा न होता आणि किराण्याला एक रुपया न घेता. 2024-25 चा हंगाम अनेक कारखान्यांत शंभर दिवसही चालला नाही. मग उचल फिटणार कशी? बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि ज्याच्या अंगावर बाकी आहे त्याला दुसऱ्या मुकादमाकडे जाता येत नाही. त्याच करारात मुकादमाचं कमिशन 19 वरून 20 टक्के झालं. मुकादमाला द्यायचं कमिशन करारात टक्क्यांत ठरतं. उचल फिटेपर्यंत बांधल्या गेलेल्या जोडीला संरक्षण काय, हे त्यात ठरत नाही.

या दुराव्याची किंमत बायकांनी शरीराने दिली. जून 2019 मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा बायकांत एक. माझी धाकटी चुलती त्यांच्यासारखीच एक, तिची पिशवी तिशीच्या आत काढली. पाळीत अंगावरून जास्त जायचं, फडात ना आडोसा ना पाणी, आणि खाडा परवडत नव्हता. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली आणि तिने उचलीतूनच पैसे भरले. आता तिला कंबर धरूनच उठावं लागतं आणि ती अजून चाळिशीत आहे. या प्रकरणानंतर खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असा नियम जिल्ह्यात झाला, ऊसतोडीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी करायचं ठरलं. हे चांगलं झालं. पण हे सगळं बीडमध्ये झालं. ज्या फडांत हे दुखणं लागतं, त्या फडांतला ऊस गाळणाऱ्या कारखान्यांवर कोणती जबाबदारी आली?

"ते आमचे कामगार नाहीत, ठेकेदाराचे आहेत." साखर कारखानदारीचं हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आले. आणि आमच्या कंपनीच्या बैठकीत कायदेशीर सल्लागाराने जवळपास हेच वाक्य सूट घालून म्हटलं तेव्हा मला पुढचं सगळं स्पष्ट दिसलं.

प्रकरण असं होतं. आमच्या एका जर्मन ग्राहकाच्या गोदामांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवतो. त्याच्या चाचणीचं काम बाहेर द्यायचं ठरत होतं. एका कंपनीचा दर इतका कमी होता की वरिष्ठांनी मनातून ती पक्की केली होती. मी त्यांच्याकडे काम करणाऱ्यांची यादी मागितली. आली ती अशी: रिसोर्स 1, रिसोर्स 2, रिसोर्स 3. मी नावं, अनुभव, ते कोणत्या शहरात बसतात आणि त्यांना पगार कोण देतं हे विचारलं. उत्तर मिळालं की ही त्यांची अंतर्गत बाब आहे. पुढे कळलं की ती कंपनी स्वतः चाचणी करतच नव्हती, आणखी एका ठेकेदाराला देत होती. कारखाना, वाहनमालक, मुकादम, कोयता ही उतरंड मला नव्याने शिकायची गरज नव्हती.

आमच्या सल्लागारांचं म्हणणं होतं की त्यांच्या माणसांशी थेट संबंध ठेवूच नका. नावं मागाल, रोज बोलाल, सुट्टीचं विचाराल, तर उद्या कोर्टात ती माणसं तुमचीच ठरतील. हे म्हणणं हलकं नाही. ठेका नावापुरता असेल आणि ताबा मालकाचा असेल तर कामगार मालकाचेच धरले जातात, असे निकाल आपल्याकडे आहेत. पण या भीतीतून निघणारा सल्ला काय आहे ते नीट पाहा. काम करणाऱ्याची ओळख जितकी कमी तितके आपण सुरक्षित, असं तो सांगतो. मुकादमी याच सल्ल्यावर उभी आहे. आणि कायदा तरी तसा कुठे सांगतो? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातच तरतूद होती की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मुख्य मालकाने ती द्यावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी ते तत्त्व टाकून दिलेलं नाही. अंतर ठेवून जबाबदारी टळते ही समजूत आपण व्यवहारात रुजवली, कायद्याने नव्हे.

जगही ही जबाबदारी घेण्याच्या दिशेने सरकलं आहे. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि शिवणकाम करणारी अकराशेहून जास्त माणसं गेली. त्या इमारतीत ज्यांचे कपडे शिवले जात होते त्यांतल्या काही परदेशी ब्रँडना आपलं काम तिथे चाललं होतं हे सुरुवातीला सांगताही येईना, कारण काम ठेक्यावरून ठेक्यावर गेलं होतं. ढिगाऱ्यातली लेबलं शोधून ते सिद्ध करावं लागलं. त्यानंतर इमारतींच्या सुरक्षेचा करार झाला आणि मोठ्या ब्रँडनी त्यावर सह्या केल्या. जर्मनीत 2023 पासून पुरवठा साखळीचा कायदा लागू झाला. मोठ्या कंपनीला आपल्या पुरवठादारांकडे माणसांना कसं वागवलं जातं हे पाहावं लागतं. त्यामुळेच आमच्या जर्मन ग्राहकाकडून एक लांबलचक प्रश्नावली येते, आणि त्यात पोटठेकेदारांबद्दलचं पान असतं. मी ते पान बैठकीत पुढे ठेवलं. माझ्या भावनेला जे वजन मिळालं नसतं ते त्या पानाला मिळालं. याचं मला वाईट वाटत नाही. नियम असतात ते यासाठीच.

आपल्या साखरेवरही अशी नजर पडली आहे. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने फुलर प्रोजेक्टच्या साथीने महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठा वृत्तान्त छापला, उचल, बालविवाह आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया यांवर. साखरेचा माग त्यांनी कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत काढला. बीडच्या बाईचं दुखणं जगाला त्या बाटलीतून कळलं. मला हवं आहे ते इतकंच की ते आधी कारखान्याच्या गट ऑफिसात कळावं.

शेवटी आम्ही काम व्हिएतनाममधल्या दुसऱ्या एका छोट्या कंपनीला दिलं. तिचा दर जास्त होता. करारात आम्ही काय घातलं ते सांगते: प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावं आम्हाला कळतील, पुढे पोटठेका चालणार नाही, आठवड्यातून एकदा आमची माणसं त्यांच्या माणसांशी थेट बोलतील, आमचं बिल चुकतं झाल्यावर ठरलेल्या मुदतीत पगार झाल्याची खात्री मिळेल, आणि कंपनीने पगार थकवला तर आम्ही तो आमच्या राखून ठेवलेल्या हप्त्यातून देऊ. रात्रपाळी लागोपाठ किती आठवडे द्यायची याचीही मर्यादा घातली. आमच्या बाजूने चाचणी करणारे दोघं आम्ही त्या कामावर कायम ठेवले. त्यावर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण बचत तिथेच कमी झाली.

ते दोघं मी का ठेवले? कारखान्यांकडे पाहून. सत्तर वर्षं तोडणी बाहेर दिल्यावर आज एखादा हंगाम टोळ्या कमी आल्या तर कारखान्याला हातपाय हलवता येत नाहीत. वाहनमालक मुकादमाला लाखो रुपये देतो, मुकादम टोळी घेऊन येतच नाही, वाहनमालकाचा ट्रॅक्टर बँकेच्या हप्त्यासाठी जातो, कोल्हापूर-सांगली-सोलापूरच्या पोलीस ठाण्यांत फसवणुकीच्या फिर्यादी पडतात. उलट बाजूने उचलीच्या वसुलीसाठी मजुरांना डांबून ठेवल्याच्या, मुकादमाला उचलून नेल्याच्या बातम्या येतात. हार्वेस्टर आले, सरकारने त्यांना अनुदानही दिलं, पण लहान तुकड्यांत, अरुंद सरीत, लोळलेल्या उसात यंत्र अडतं. ज्या माणसांना काम येतं ती माणसं कोण, कुठली, याची नोंदच नसल्याने कारखाना मुकादम बदलण्यापलीकडे काही करू शकत नाही. सॉफ्टवेअरमध्येही हेच होतं. काम समजणारं एकही माणूस आपल्याकडे उरलं नाही की दर पुढच्या वर्षी ठेकेदार ठरवतो.

थेट बोलण्याचा उपयोग पहिल्या काही महिन्यांतच झाला. तिथली एक चाचणी करणारी मुलगी आमच्या साप्ताहिक बोलण्यात जरा चाचरत म्हणाली की गोदामाच्या एका पडद्यावर तारखेत महिना आणि दिवस उलटे वाचले जातात असं तिला वाटतंय, पण दिलेल्या यादीत हे तपासायला सांगितलेलं नाही. तिचं म्हणणं खरं होतं. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत ते कोणाच्याही ध्यानात आलं नसतं, कारण बारापर्यंतचा आकडा महिना म्हणूनही खपतो. तेराव्या दिवशी माल पाठवण्याच्या नोंदी अडल्या असत्या. मधला माणूस असता तर त्याने यादीबाहेरचं काम म्हणून ते वर येऊच दिलं नसतं. फडातही असंच असतं. कुठला ऊस आतून पोकळ झालाय, कुठली वाट गाडीखाली खचणार आहे, हे तोडणाऱ्या बाईला आधी कळतं. तिला विचारायची रीतच आपण ठेवलेली नाही.

मला हमखास विचारतात की मग हे काम बीडलाच का देत नाही? द्यावं, असं मला मनापासून वाटतं. ऊसतोड कामगारांची मुलं आता बीएस्सी कॉम्प्युटर, बीसीए, अभियांत्रिकी करून बसली आहेत. 17 सप्टेंबर 2025 ला बीडला रेल्वे आली, अहिल्यानगरपर्यंत का होईना. अंबाजोगाईत, बीडमध्ये चाचणीचं, डेटाचं, ग्राहकसेवेचं काम नक्की होऊ शकतं. पण ते काम मुकादमाच्या हातून येऊ नये. आजच ‘घरबसल्या डेटा एन्ट्री, आधी डिपॉझिट भरा’ म्हणणारे आमच्या पोरांना गाठतात. सरकारनेही 6 सप्टेंबर 2023 ला नऊ खासगी कंपन्यांमार्फत सरकारी कामासाठी माणसं भरण्याचा निर्णय काढला होता. मराठवाड्यातली पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. त्या पोरांच्या आईबापांनी मुकादमी पाहिली होती. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाला त्यामुळे ही भरतीही मुकादमीच आहे हे लवकर समजलं. पुण्यातल्या कंपन्यांनी बीडमध्ये छोटी टीम उभी करावी, नेमणुकीचं पत्र स्वतःच्या नावाने द्यावं, पगार थेट खात्यात टाकावा. दर पुण्यापेक्षा कमीच पडेल, आणि त्यात कोणाचं शोषण असायची गरज नाही.

दर वाढला तर काम दुसरीकडे जाईल, ही भीती मला रोज ऐकवली जाते. काही काम जाईलही. पण ज्या कामाचा दर फक्त माणूस दिसत नाही म्हणून कमी आहे, त्याची किंमत कोणीतरी देतच असतं, मायच्या आणि चुलतीच्या पिढीने दिली तशी. मी बाहेरून आलेल्या कामावर वाढले, माझं घर त्यावर चालतं, त्यामुळे काम बाहेर देऊच नका असं मी कधी म्हणणार नाही. आपल्या अटी लिहून द्या एवढंच म्हणते.

आता साखरेकडे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी गाळप केलेल्या उसावर टनाला 10 रुपये द्यायचे आणि तितकेच सरकारने घालायचे असं ठरलं आहे. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं यांचं काम सुरू झालं, मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहं आली. पण ओळखपत्र गावात देऊन भागत नाही, ते फडात चालायला हवं. पुढच्या कराराला बसतील तेव्हा दोन्ही बाजूंनी टक्केवारीवर रात्री जागवण्याआधी एक गोष्ट मान्य करावी: काट्याच्या पावतीवर टोळीतल्या प्रत्येक कोयत्याचा महामंडळाचा नोंदणी क्रमांक छापला जावा, बायको आणि नवरा दोघांचा वेगवेगळा, आणि त्या पावतीप्रमाणे मजुरी दोघांच्या खात्यात अर्धी-अर्धी जमा व्हावी. उचलीची कपातही त्याच पावतीवर दिसावी, म्हणजे किती फिटली आणि किती राहिली हे वहीवाल्याला विचारावं लागणार नाही. विमा, दवाखाना, पाळणाघर यांचे हक्क मागायला पुरावा हवा असतो, आणि कारखान्याने स्वतः छापलेल्या कागदाइतका पक्का पुरावा नाही.

हे अवघड आहे, काट्याची यंत्रणा जुनी आहे, असं कारखान्यांकडून सांगितलं जाईल. मी हेच काम करते. काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असे रकाने वाढवणं, चिटबॉयच्या, म्हणजे फडावर चिठ्ठ्या देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, मोबाईलवर टोळीची यादी देणं आणि पावती छापताना ती जोडणं हे एका छोट्या टीमचं थोड्या आठवड्यांचं काम आहे. पुढच्या गाळपाआधी ज्या कारखान्याला हे करायचं असेल, त्याच्यासाठी मी आणि माझ्याबरोबरची बीडची चार-पाच मुलं ते एक रुपया न घेता करून देऊ.